बातमी मंगळवारी, जाहिरात गुरुवारी

एका वाचकाचं पत्र, नाव-गाव गाळून, थोडक्यात:

मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी हे गृहस्थ चौदा वर्षं एका दैनिकाचं वार्ताहर म्हणून काम करतात. मानधन महिना चार हजार. दरवर्षी वर्धापनदिनाच्या पुरवणीसाठी जाहिरातींचं टार्गेट येतं. गेल्या वर्षी दीड लाखाचं होतं, ते त्यांनी पूर्ण केलं. यंदा दोन लाख. वसूल झालेल्या रकमेवर पंधरा टक्के कमिशन. गेल्या वर्षी दोन पार्ट्यांनी, म्हणजे जाहिरातदारांनी, मिळून ३५ हजार बुडवले आणि ते त्यांच्याच खात्यातून कापले गेले. यंदा पावसाळ्यात एका नव्या रस्त्याचं डांबर महिन्याभरात उखडलं, त्यावर त्यांनी दोन भागांत बातमी दिली. तिसऱ्या भागाची कागदपत्रं हाताशी आहेत. आता जिल्हा कार्यालय म्हणतं, त्याच कंत्राटदाराकडून अर्धं पान घ्या. कंत्राटदार म्हणतो, घ्या की, पण तिसरा भाग राहू द्या. भाचा म्हणतो, पेपर सोडा, यूट्यूब चॅनल काढा. ते विचारतात: "जाहिरातींसाठी लाचार होण्यापेक्षा पेपर सोडून मोकळं व्हावं का?"

नमस्कार.

तुमच्या पत्रात 'लाचार' हा शब्द चार वेळा आला आहे आणि कमिशनचा हिशेब एकदाही मांडलेला नाही. आधी हिशेब मांडू. टार्गेट दीड लाख. बुडाले ३५ हजार, म्हणजे वसुली १ लाख १५ हजार. त्यावर पंधरा टक्के म्हणजे १७,२५०. त्यातून कापले ३५ हजार. म्हणजे १७,७५० रुपये तुमच्या खिशातून गेले. तुमच्या मानधनाच्या भाषेत जवळपास साडेचार महिने तुम्ही फुकट बातम्या दिल्या, आणि पेट्रोल, चहापाणी, पार्टीच्या दारात घातलेले हेलपाटे यात धरलेलेच नाहीत. याला तुम्ही स्वभावाचा कमकुवतपणा समजता. मला तो करारातला दोष दिसतो. दुसऱ्याच्या उधारीचा जामीन तुम्ही राहिलात आणि तसं कुणी तुमच्याकडून लिहूनही घेतलं नाही.

कार्यालय असं का वागतं हेही समजून घ्या, म्हणजे बोलताना राग नेमका ठेवता येईल. वृत्तपत्राची विक्री किंमत कागदाचा आणि छपाईचा खर्च भागवत नाही, बाकीचा भार जाहिरातीवर असतो. छोट्या जाहिराती, नोकरीच्या जाहिराती, घर-जमिनीच्या जाहिराती मोबाइलवर गेल्या. एप्रिल २०२० मध्ये राज्यात घरपोच वाटपावर बंदी आली, तेव्हा तुटलेले किती तरी वर्गणीदार परत आलेच नाहीत. मग डाक आवृत्ती, म्हणजे तालुक्यांत आणि खेड्यांत जाणारा अंक, जगवायची तर तालुक्यातून पैसा आला पाहिजे, आणि तालुक्यात पेपरचा माणूस एकच, तो म्हणजे तुम्ही. जाहिरात विभागाचा वेगळा माणूस तालुक्याला ठेवणं त्यांना परवडत नाही. ही अडचण खरी आहे. तिचा सगळा बोजा बातमी देणाऱ्याच्या डोक्यावर टाकणं मात्र त्यांनी निवडलेली सोय आहे, आणि तिच्याबद्दल बोलता येतं.

आता तुमचं पहिलं गृहीतक. जाहिरात मागितली की माणूस पत्रकार उरत नाही, असं तुम्ही धरून चालला आहात. मला तसं वाटत नाही. किराणा दुकानदाराकडे, कोचिंग क्लासकडे, बियाण्यांच्या दुकानात जाऊन छापील दरपत्रकाने जाहिरात घेणं हे सरळ काम आहे. ते करून तुम्ही कुणाचे मिंधे होत नाही. घोटाळा होतो तो बातमीचा माणूस आणि जाहिरातीचा माणूस एकाच दारात एकाच आठवड्यात उभा राहतो तेव्हा.

मंगळवारी तुमच्या नावाने रस्त्याची बातमी छापून येते. गुरुवारी तुम्ही जाहिरातीचं पत्र घेऊन त्याच कंत्राटदाराच्या ऑफिसात बसता. तुम्ही तोंडातून एक शब्दही वावगा काढलेला नसतो, पण टेबलाच्या पलीकडच्याला जे ऐकू यायचं ते येतंच: हे थांबवायचं असेल तर द्या. उद्या त्याने फोन रेकॉर्ड करून पोलिसांत दिला, तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३०८, म्हणजे खंडणी, त्यात बसवायला फार कष्ट पडत नाहीत, कारण बदनामीची भीती घालून पैसे काढणंही त्यात येतं. तेव्हा कार्यालय 'हा आमचा कर्मचारी नाही, मानधनावरचा वार्ताहर आहे' असं पत्र देण्याचीच शक्यता जास्त. जाहिरातीची रक्कम पेपरच्या खात्यात जमा झाली असली तरी गुन्ह्यात नाव तुमचं असेल.

कंत्राटदाराच्या 'तिसरा भाग राहू द्या' या वाक्याकडेही याच नजरेने बघा. तो तुम्हाला अर्ध्या पानाचे पैसे देतो असं तुम्हाला वाटतंय. खरं तर तो एक पुरावा विकत घेतोय. तिसरा भाग आला नाही आणि अर्धं पान आलं, की पहिले दोन भाग पैशासाठीच होते हे तालुक्याला कुणी सांगायची गरज उरत नाही. पुढच्या वेळी पाणीपुरवठ्याची, शाळेच्या खोल्यांची बातमी दिलीत तरी चहाच्या टपरीवर पहिला प्रश्न येईल, 'यांचं कितीत तुटलं?'

म्हणून या एका प्रकरणात मला मधला मार्ग दिसत नाही. त्याची जाहिरात घेऊ नका. कार्यालयाला मात्र 'माझ्या तत्त्वात बसत नाही' असं सांगू नका, त्याने भांडण पेटतं. व्हॉट्सॲपवर किंवा मेलवर, लेखी, एवढंच कळवा: "सदर कंत्राटदाराविषयी अमुक तारखांना आपल्या दैनिकात बातम्या आल्या आहेत, पाठपुरावा सुरू आहे. या काळात मी जाहिरात मागितल्यास खंडणीचा आरोप दैनिकावर येऊ शकतो. जाहिरात हवी असल्यास जाहिरात विभागाने जिल्ह्यातून परस्पर संपर्क करावा." यात नकार आहे, पण तो पेपरच्या हिताच्या भाषेत आहे. शिवाय उद्या काही झालं तर तारखेसह तुमच्याकडे राहतो.

जिल्ह्यातून कुणी गेलं आणि जाहिरात आली, तर तो त्यांचा निर्णय. तेव्हा एकच बघा. अशा अर्ध्या पानात बहुतेक वेळा 'विकासाची वाटचाल' छापाची मुलाखत असते. तिच्यावर 'जाहिरात' हा शब्द ठळक छापला गेला पाहिजे आणि तुमची बायलाइन, म्हणजे बातमीदार म्हणून नाव, त्यावर नको. जाहिरात आणि बातमी वाचकाला वेगळी ओळखता आली पाहिजे, हे प्रेस कौन्सिलच्या आचारसंहितेतच आहे. २००९ च्या निवडणुकीत राज्यातल्या वेगवेगळ्या दैनिकांत शब्दन् शब्द सारख्या 'बातम्या' छापून आल्या आणि त्यावरून देशभर चर्चा झाली. ती बेअब्रू मराठी वृत्तपत्रांनी एकदा भोगली आहे.

बाकीच्या जाहिरातींसाठी यंदा कामाची पद्धत बदला. तुमच्यासारख्या बऱ्याच वार्ताहरांचे पैसे एकाच ठिकाणी गळतात: तोंडी होकार. शेठ म्हणतात 'टाका हो, आपलीच आहे', तुम्ही मजकूर पाठवता, पान छापून येतं आणि मग शेठ म्हणतात 'मी क्वार्टर पानाचं बोललो होतो'. त्यामुळे सही-शिक्क्याचा आरओ (रिलीज ऑर्डर, म्हणजे जाहिरात छापण्याची लेखी ऑर्डर) हातात आल्याशिवाय मजकूर कार्यालयातल्या डेस्कला पाठवायचा नाही. आरओवर आकार सेंटीमीटरमध्ये, रंगीत की कृष्णधवल, कोणतं पान, तारीख, जीएसटी धरून एकूण रक्कम आणि पैसे कधी देणार हे सगळं भरून घ्या. निम्मी रक्कम आगाऊ, तीही पेपरच्या नावाच्या चेकने किंवा पेपरच्या खात्यावर. तुमच्या स्वतःच्या फोनपेवर एक रुपयाही घेऊ नका, मग पार्टी कितीही ओळखीची असो. छापून आल्यावर अंकाची प्रत आणि बिल तीन दिवसांत पोहोचवा. महिना उलटला की वसुली अवघड होते. आणि टार्गेट स्वीकारतानाच लिहून द्या की सही-शिक्क्याच्या आरओवरची बुडीत रक्कम वार्ताहराकडून कापली जाणार नाही. कार्यालय सगळं मान्य करणार नाही. पण निदान आगाऊ रकमेचा नियम त्यांच्याही फायद्याचा असल्यामुळे तो मान्य होतो, आणि तेवढ्याने गेल्या वर्षीची निम्मी तरी बुडीत टळली असती.

शिवाय एक यादी करा. ज्यांच्याविषयी गेल्या साठ दिवसांत तुम्ही बातमी दिली किंवा पुढच्या साठ दिवसांत देणार आहात, त्यांच्या दारात जाहिरातीसाठी जायचं नाही. साठ हा आकडा काही कायद्यातला नाही, तुम्ही नव्वद धरा. पण आकडा ठरलेला असावा, म्हणजे प्रत्येक वेळी मनाशी वाद घालावा लागत नाही.

तुमच्या हक्कांबद्दल तुम्ही पत्रात काहीच लिहिलं नाहीत, 'आम्ही मानधनवाले' एवढंच. १९५५ च्या श्रमिक पत्रकार कायद्यात पूर्णवेळ आणि अर्धवेळ दोन्ही धरले होते. ज्याचा मुख्य व्यवसाय पत्रकारिता आहे आणि जो त्यासाठी नेमला आहे, तो पत्रकार. पत्रकारांच्या वेतनासाठी नेमलेल्या मजीठिया आयोगाची वेतनश्रेणी नोव्हेंबर २०११ मध्ये अधिसूचित झाली, फेब्रुवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या आणि तो जुना कायदा त्यांत विलीन झाला. नव्या संहितेत नियुक्तिपत्र देणं बंधनकारक आहे. तुम्ही कर्मचारी ठरता की नाही हे अखेर कागदावर ठरतं, म्हणून आजपासून एक फाइल करा: ओळखपत्राची प्रत, मानधन जमा झाल्याच्या बँक नोंदी, बायलाइनची कात्रणं, कार्यालयाने काम सांगितलेले मेसेज, जाहिरात टार्गेटचं पत्र. चौदा वर्षांचं सगळं मिळणार नाही, गेल्या तीन वर्षांचं जमवा. पुढे माहिती व जनसंपर्क महासंचालनालयाकडे अधिस्वीकृतीसाठी (पत्रकार म्हणून सरकारी मान्यतेसाठी) किंवा पत्रकार कल्याण निधीसाठी अर्ज करायची वेळ आली, तर हीच फाइल लागते.

आता चॅनल. भाच्याचा उत्साह मला आवडला, पण 'मोकळं व्हाल' हे त्याचं म्हणणं तपासून घ्या.

यूट्यूबवर जाहिरातीतला वाटा मिळायला १,००० सबस्क्रायबर आणि गेल्या बारा महिन्यांत ४,००० तास पाहिलं गेलेलं असावं लागतं. चार हजार तास म्हणजे दोन लाख चाळीस हजार मिनिटं. बघणारा सरासरी दोन मिनिटं थांबला, तर वर्षात एक लाख वीस हजार व्ह्यूज लागतात. शॉर्ट्स फीडमध्ये पाहिलेली मिनिटं या चार हजारांत धरत नाहीत. शॉर्ट्सचा निकष वेगळा आहे, ९० दिवसांत एक कोटी व्ह्यूज. पात्र झाल्यावर लांब व्हिडिओच्या जाहिरात उत्पन्नातले ५५ टक्के तुमचे. समजा हजार व्ह्यूजमागे तुमच्या हातात तीस रुपये पडले, तर महिन्याला लाख व्ह्यूजचे तीन हजार होतात, आणि १०० डॉलर साठल्याशिवाय पैसे खात्यावर येत नाहीत. तुमचं आजचं मानधन चार हजार आहे. एका तालुक्याच्या बातम्यांना महिन्याला लाख व्ह्यूज नेहमी मिळत नाहीत. मिळतात ते बहुतेक अपघाताच्या, मारामारीच्या, बिबट्याच्या व्हिडिओला. म्हणजे तिथेही कुणी तरी तुम्हाला सांगत राहतं की कशाची बातमी करा. फक्त सांगणाऱ्याचा फोन येत नाही, आलेख येतो.

काही खड्डे आधीच सांगतो. जयंतीच्या किंवा गणपतीच्या मिरवणुकीचा व्हिडिओ टाकलात आणि मागे डीजेवर गाणं वाजत असेल, तर संगीत कंपनीचा दावा लागून त्या व्हिडिओचं उत्पन्न तिकडे जाऊ शकतं. दुसऱ्या चॅनलची क्लिप उचललीत तर कॉपीराइट स्ट्राइक. ९० दिवसांत तीन झाले की चॅनलच बंद होऊ शकतं. अत्याचाराच्या गुन्ह्यात घाईने लाइव्ह करताना पीडितेचं घर, शाळा, नातेवाइकाचा चेहरा दिसला तरी ओळख उघड होते, आणि तो गुन्हा आहे. पेपरात हे डेस्कवरचा उपसंपादक गाळतो. चॅनलवर तो माणूस नसतो. बदनामीची नोटीसही पेपरऐवजी थेट तुमच्या घरी येईल. आणि पत्रकारांवरील हल्ल्यांविरुद्धचा राज्याचा २०१७ चा कायदा पत्रकाराची व्याख्या करताना माध्यमसंस्थेतली नोकरी किंवा करार बघतो. एकट्याच्या चॅनलला त्या व्याख्येत बसवणं कठीण जातं. 'सरकारमान्य पोर्टल' आणि सोबत प्रेस कार्ड विकणारे भेटतील. त्यांना पैसे देऊ नका. उद्यम नोंदणी ही छोट्या धंद्याची नोंदणी आहे, पत्रकारितेची मान्यता नव्हे, आणि यूट्यूब चॅनलला नियतकालिकासारखी नोंदणी नसते.

तरीही चॅनल काढा असंच मी म्हणेन, पेपर न सोडता, आणि व्ह्यूजवर घर चालवायच्या अपेक्षेशिवाय. कार्यालयाला आधी विचारा. काही दैनिकं मनाई करतात, काहींना चालतं. पेपरात छापलेली तुमची बातमी चॅनलवर वापरता येते का हाही प्रश्न येईल. कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार नोकरीत लिहिलेल्या मजकुराचा वृत्तपत्रात छापण्यापुरता हक्क मालकाचा असतो आणि बाकी हक्क लेखकाकडे राहतो, पण करारात वेगळं लिहिलं नसेल तरच. म्हणून करार असेल तर तो काढून वाचा.

चॅनलवर काय द्यायचं हे मात्र भाच्यावर सोडू नका. तुमच्या तालुक्यात अशी माहिती आहे जी लोकांना रोज लागते आणि नीट कुणी देत नाही. बाजार समितीत आज सोयाबीनची आवक किती, किमान आणि कमाल भाव काय, तुमच्या धरणात आज साठा किती टक्के, पीकविम्याची शेवटची तारीख, भारनियमनाच्या वेळा, ग्रामसभेत काय ठरलं. रोज सकाळी आठच्या आत व्हॉट्सॲप चॅनलवर दहा ओळी आणि आठवड्यातून एक सहा-सात मिनिटांचा व्हिडिओ एवढं एका माणसाला पेलतं. तीन महिने रोज न चुकता दिलंत तर मग वर्गणी मागा, महिना तीस रुपये. चारशे जणांनी दिली तर बारा हजार होतात, तुमच्या मानधनाच्या तिप्पट. चारशे हा आकडा सोपा नाही, पण लाख व्ह्यूजपेक्षा तो तुमच्या हातातला आहे, कारण यातले निम्मे लोक तुम्हाला नावाने ओळखतात. कुणी एकाच माणसाने 'मीच दहा हजार देतो' म्हटलं तर नम्रपणे तीसच घ्या.

साहित्यासाठी कर्ज काढू नका. हातातला मोबाइल, हजार-दीड हजाराचा कॉलर माइक आणि एक स्टँड पुरे. माइकला स्पंजची टोपी लावा. उघड्यावर व्हिडिओ फुकट जातो तो बहुतेक वाऱ्याच्या आवाजाने, चित्राने क्वचितच. चॅनलवर जाहिरात घेतलीत तर तिच्यावर मराठीत 'जाहिरात' लिहा आणि साठ दिवसांची यादी इथेही पाळा.

राहिला तिसरा भाग. तुमच्याकडे काय काय आहे ते तुम्ही लिहिलं नाही, म्हणून जुळवून बघा: अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेची प्रत, गुणवत्ता चाचणीचे अहवाल, आणि निविदेतला दोषदायित्व कालावधी. वाचकाच्या दृष्टीने सगळ्यात मोलाचा हा शेवटचा कागद. त्या काळात रस्ता उखडला तर कंत्राटदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो, आणि तो कालावधी कधी संपतो हे गावाला माहीत नसतं. यातलं काही कमी असेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करा, एका अर्जात एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील. कागद पूर्ण झाले की कंत्राटदाराला आणि उपअभियंत्याला प्रश्न लेखी पाठवा, तीन दिवसांची मुदत द्या, पाठवल्याचा स्क्रीनशॉट फाइलला लावा. त्यांनी उत्तर दिलं तर पूर्ण छापा, दिलं नाही तर 'प्रश्न पाठवले, उत्तर आलं नाही' ही ओळ तारखेसह.

हे सगळं वर्धापनदिनाच्या आधी डेस्कला पोहोचू द्या. पुरवणीनंतर पाठवलंत तर 'जाहिरात मिळाली नाही म्हणून बातमी आली' असं म्हणायला कंत्राटदार मोकळा.